जुने सौदे एपीआयमधून का मिळत नाहीत

झिरोधा या ब्रोकरच्या काइट कनेक्ट एपीआयकडे (प्रोग्रॅमला ब्रोकरच्या यंत्रणेशी थेट बोलू देणारी सोय) सौद्यांची यादी मागितली, तर मिळते ती फक्त त्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगिनचे टोकन संपलेले असते आणि कालची यादीही गेलेली असते. एपीआय नव्याने हाताळणारा इथे हमखास अडतो. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या शेअरचा भाव प्रोग्रॅमने आपोआप आणायला अडचण ती काय? याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

मुंबई शेअर बाजाराच्या रिंगणात सौदा तोंडी व्हायचा. दलालाचा माणूस ओरडून भाव ठरवायचा आणि हातातल्या छोट्या वहीत नग, भाव, समोरचा कोण हे टिपायचा. मग दोन्हीकडच्या वह्या जुळवायच्या. जुळल्या नाहीत की वांदा. गुंतवणूकदाराच्या हाती यायची फक्त कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाने दिलेला सौद्याचा कागद. तिच्यावरचा भाव खरोखर त्याच्याच सौद्याचा आहे का, हे ताडून पाहायला त्याच्याकडे काही नव्हते. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरचे व्यवहार पडद्यावर सुरू झाले, १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराची ‘बोल्ट’ प्रणाली आली, आणि प्रत्येक सौद्याला क्रमांक व वेळ मिळाली. जुन्या नोंदी परत मिळवण्याची गोष्ट माझ्या मते इथूनच सुरू होते. क्रमांकच नसेल तर कोणते सॉफ्टवेअर काय शोधणार?

२००० मध्ये सेबीने इंटरनेटवरून व्यवहाराला परवानगी दिली. तोवर ब्रोकरच्या घरात दोन वेगळ्या यंत्रणा उभ्या राहिल्या होत्या. एक ऑर्डर बाजारात पोचवणारी. तिचे सगळे लक्ष वेगावर, आणि दिवस संपला की तिची पाटी कोरी. दुसरी बॅकऑफिसची. बाजार बंद झाल्यावर एक्स्चेंजकडून दिवसभराच्या सौद्यांची फाइल येते, तिच्यावर दलाली आणि कर चढतात, कॉन्ट्रॅक्ट नोट निघते, लेजर लिहिले जाते. हिशेब काही वर्षे जपून ठेवायचे कायदेशीर बंधन आहे, ते या दुसऱ्या यंत्रणेच्या भरवशावर पाळले जाते. किरकोळ ग्राहकांसाठी एपीआय खुली झाली ती गेल्या दशकात, आणि ती जोडली गेली पहिल्या यंत्रणेला. मागणीच प्रोग्रॅमने आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या अल्गोवाल्यांची होती.

इतिहासाची गरज मात्र कराने लावली. डीमॅटमधले शेअर विकले की आधी घेतलेले आधी विकले असे धरायचे, हे प्राप्तिकर खात्याने १९९८ च्या परिपत्रकातच स्पष्ट केले होते. पण २००४ पासून एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर) भरलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त झाला आणि जुनी खरेदी कोणी जपून ठेवेना. २०१८ च्या अर्थसंकल्पाने तो कर परत आणला. ३१ जानेवारी २०१८ चा सर्वोच्च भाव आधाराला दिला खरा, पण मूळ खरेदी त्याहून महाग असेल तर तीच धरायची असल्याने जुना भाव हवाच होता. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा शोधायची वेळ आली, आणि कित्येकांचा ब्रोकर तोवर बदललेला होता.

तेव्हापासून लोक दोन वाटांनी जातात. एक ईमेलने आलेल्या कॉन्ट्रॅक्ट नोटांची. पीडीएफचा पासवर्ड बहुधा पॅन. पायथनने ती उघडून तक्ता वाचायचा. ब्रोकरने रकाने हलवले की स्क्रिप्ट मोडते. दुसरी वाट ट्रेडबुकची, म्हणजे ब्रोकरकडच्या आपल्या सौद्यांच्या यादीची, सीएसव्ही फाइल उतरवण्याची. ही मला जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्यात आयसिन (प्रत्येक कंपनीच्या शेअरचा ठरलेला ओळख क्रमांक), ऑर्डर क्रमांक आणि ट्रेड क्रमांक असतात. शंभर शेअरची एक ऑर्डर ४०, ३५ आणि २५ अशी तुटून पूर्ण झाली, तर तीन ओळी दिसतात: ऑर्डर क्रमांक तोच, ट्रेड क्रमांक निराळे. दुबार ओळी काढताना ऑर्डर क्रमांकावर भिस्त ठेवली, तर साठ शेअर हिशेबातून गायब होतात.

ट्रेडबुकमध्ये जे नसते ते जास्त त्रास देते. आयपीओत मिळालेले शेअर, बोनस, स्प्लिट, वडिलांनी भेट दिलेले शेअर, यांतले काहीच एक्स्चेंजवर झालेला सौदा नव्हे. शंभर घेतले, एकास एक बोनस आला, दोनशे विकले, की प्रोग्रॅम शंभर शेअर उणे दाखवतो. ही भर डिपॉझिटरीच्या (डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या) विवरणपत्रावरून घालावी लागते. तिथे शेअर कधी आले, कधी गेले हे कळते, काय भावाने घेतले ते नाही.

आता अपस्टॉक्स आणि धन या ब्रोकरांच्या एपीआयमध्ये मागच्या तारखांचे सौदे मागता येतात. ही सोय सगळ्या ब्रोकरांनी द्यावी, तीही एकाच ठरीव नमुन्यात. नोंद ग्राहकाच्या पैशांची आहे. तूर्त शेअर एका डीमॅटमधून दुसऱ्यात नेले, तर नव्या ब्रोकरकडे खरेदीची तारीख आणि भाव ग्राहकालाच हाताने भरावे लागतात. म्हणून जुने खाते बंद करण्याचा अर्ज देण्यापूर्वी पहिल्या दिवसापासूनचे ट्रेडबुक वर्षावर्षाने उतरवून घ्यावे.