मासायोशी नागाता आणि हिल्बर्टचा चौदावा प्रश्न: मागची गोष्ट

मासायोशी नागाता हे नाव बीजगणितवाल्यांच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नाही, आणि बीजगणितवाल्यांना विचाराल तर बहुतेक हेच ऐकायला मिळेल की हा माणूस म्हणजे सगळ्यांच्या छान छान समजुतींना सुरुंग लावणारा. काउंटरएक्झाम्पल, म्हणजे एखादी समजूत खोटी पाडणारं उदाहरण, शोधून काढायचं तर नागातांनीच. पण हे कसब एकट्या माणसाच्या डोक्यातून अचानक उगवलेलं नव्हतं, त्याच्या मागे तीन पिढ्या आहेत, म्हणून जरा मागून सुरुवात करू.

जपानमध्ये आधुनिक बीजगणिताची पहिली मोठी उडी तेइजी ताकागींची. जन्म 1875, गिफूजवळच्या खेड्यातला. 1898 ला जर्मनीला गेले, आधी बर्लिन, मग ग्योटिंगेनला हिल्बर्टकडे (तोच मोठा जर्मन गणितज्ञ, ज्याने 1900 ला गणितापुढे न सुटलेल्या प्रश्नांची यादी ठेवली), आणि 1901 ला परत टोकियोत. पुढे 1914 ला महायुद्ध पेटलं आणि जर्मनीहून येणारी पुस्तकं, जर्नल्स सगळी बंद. आता वाचायलाच काही नाही म्हटल्यावर आपणच काहीतरी करायला हवं, असं म्हणून ते कामाला लागले आणि त्यातून क्लास फील्ड थिअरी, संख्यांबद्दलचा एक मोठा सिद्धांत, उभी राहिली. 1920 ला टोकियोच्याच जर्नलमध्ये जर्मन भाषेत छापली, त्याच वर्षी स्ट्रासबुर्गला जगभरच्या गणितज्ञांच्या काँग्रेसमध्ये (परिषदेत) जाऊन सांगितली, पण तिथे जर्मनांना बोलावलेलंच नव्हतं, म्हणजे जे समजू शकले असते तेच नेमके गैरहजर! लक्ष गेलं ते नंतर, जर्मनीतल्या आर्टिन आणि हास्से या दोघा गणितज्ञांनी ती हातात घेतली तेव्हा.

त्यानंतरच्या पिढीत केंजिरो शोदा. हे जर्मनीत आधुनिक बीजगणित घडवणाऱ्या एमी न्योथरकडे शिकून आले आणि 1932 ला अमूर्त बीजगणितावर जपानी भाषेत पुस्तक लिहिलं, तिथून जपानी पोरं थेट आपल्या भाषेत रिंग (जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतो अशी रचना) आणि आयडियल (रिंगमधला एक खास भाग) शिकायला लागली. (जाता जाता, जपानच्या सम्राज्ञी झालेल्या मिचिको या त्यांच्या सख्ख्या पुतणी.) मग तादाशी नाकायामा, ज्यांच्या नावाचा लेमा (छोटा, मदतीचा प्रमेय) कम्युटेटिव्ह अल्जिब्राच्या, म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालतो अशा रिंग्ज शिकणाऱ्या, प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यातच भेटतो. गंमत अशी की खुद्द नाकायामांचं म्हणणं होतं, हा क्रुल आणि आझुमायांचा प्रमेय आहे, माझं नाव लावू नका. कोण ऐकतंय!

तर हे नाकायामा 1940 च्या दशकात नागोयाला आले, गोरो आझुमायाही तिथेच. विद्यापीठ अगदी नवं, 1939 चं, आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्यांत शहराची पार वाट लागलेली, किल्लासुद्धा जळालेला. अशा ठिकाणी युद्धानंतर लगेच हे लोक बीजगणित करत बसले होते, आणि 1950 ला त्यांनी नागोया मॅथेमॅटिकल जर्नल सुरू केलं. नागाता जवळच्याच ओबू गावचे, आइची प्रांत, जन्म 1927. नागोयातूनच 1950 ला पदवी घेतली आणि त्या जर्नलच्या अगदी पहिल्या अंकापासून त्यांचे पेपर दिसतात, लोकल रिंग्जवरचे (एखाद्या आकाराचा एका बिंदूजवळचाच भाग बघायला वापरतात त्या रिंग्ज). 1953 ला क्योटोला गेले आणि मग निवृत्तीपर्यंत क्योटोच.

क्योटोत यासुओ आकिझुकींचा ग्रुप होता, त्यात हिरोनाका, मात्सुमुरा अशी एकाहून एक मंडळी. 1956 ला हार्वर्डचे ओस्कर झारिस्की तिथे व्याख्यानं द्यायला आले. आणि झारिस्कींनी दोनच वर्षं आधी हिल्बर्टच्या चौदाव्या प्रश्नाला भूमितीच्या भाषेत मांडून त्याचे सोपे केस सोडवले होते.

हा प्रश्न काय ते सांगतो. क्ष आणि य अशी दोन चलं घ्या आणि अशा बहुपदी शोधा की क्ष आणि य ची अदलाबदल केली तरी त्या बदलत नाहीत. क्ष अधिक य अशी आहे, क्ष गुणिले य पण अशी आहे. क्ष चा वर्ग अधिक य चा वर्ग? तीही, पण ती नवी नाही, बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची दुप्पट वजा केली की मिळतेच. अशा अनंत बहुपदी आहेत, पण सगळ्या त्या पहिल्या दोनांतूनच तयार होतात. अदलाबदलीच्या जागी दुसरा कुठलाही ग्रुप, म्हणजे अशा बदलांचा संच, ठेवला तरी असंच मोजक्या बहुपदींवर भागेल का, हा ढोबळमानाने चौदावा प्रश्न. 1890 ला खुद्द हिल्बर्टने महत्त्वाच्या ग्रुप्ससाठी हो असं सिद्ध केलंच होतं, त्यात माउरर नावाच्या गणितज्ञाने आणखी बऱ्याच ग्रुप्सचं जमवल्यासारखं वाटत होतं (ती सिद्धता नंतर चुकीची निघाली), त्यामुळे 1900 ला पॅरिसमध्ये प्रश्न मांडताना उत्तर हो येणार असाच सूर होता.

1958 ला एडिंबरोच्या काँग्रेसमध्ये नागातांनी सांगितलं, नाही. 32 चलं आणि 13 डायमेन्शनचा (मितींचा) एक ग्रुप असं उदाहरणच समोर ठेवलं. आता 32 कुठून आलं तर 16 बिंदूंमधून, प्रत्येक बिंदूमागे दोन चलं, आणि मला तरी हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. प्रतलात 16 बिंदू घ्या, कुठल्याही खास रचनेत न बसणारे. त्या प्रत्येकातून किमान म वेळा जाणारा वक्र काढायचा असेल तर त्याची, म्हणजे त्याच्या समीकरणाची, घात किती लागेल? नागातांनी दाखवलं की 4म पेक्षा जास्तच लागते, बरोबर 4म कधीच पुरत नाही. पण नुसती समीकरणं मोजली तर हेही दिसतं की म मोठा घेत गेलात की घात भागिले म हे गुणोत्तर 4 च्या हवं तितकं जवळ आणता येतं. नागातांच्या उदाहरणात न बदलणाऱ्या बहुपदी म्हणजे जणू हे वक्रच. आता समजा मोजक्याच वक्रांतून बाकीचे सगळे तयार होत असते, तर त्या मोजक्यांत कुणाचं तरी गुणोत्तर सगळ्यात कमी असणार, ते 4 पेक्षा थोडं तरी जास्तच असणार, आणि वक्र एकत्र करून त्याच्या खाली जाता येत नाही. मग 4 च्या अगदी जवळचे वक्र आले कुठून? म्हणजे मोजके पुरत नाहीत. संपलं. एवढा मोठा प्रश्न आणि शेवटी अडला कुठे तर 16 बिंदूंवर.

1962 च्या त्यांच्या लोकल रिंग्जवरच्या पुस्तकाच्या शेवटी एक परिशिष्टच आहे, वाईट न्योथेरियन रिंग्जच्या उदाहरणांचं (न्योथेरियन म्हणजे जिथे प्रत्येक आयडियल मोजक्या घटकांतूनच तयार होतं). त्यात एक रिंग अशी की न्योथेरियन असूनही तिचं डायमेन्शन अनंत, जे ऐकून पहिल्यांदा कुणाचाही विश्वास बसत नाही. या असल्या रिंग्जपासून लांब राहता यावं म्हणून फ्रान्समधल्या ग्रोथेनडीक या गणितज्ञाने एक्सलंट रिंग अशी व्याख्या केली, आणि त्याच्याच ग्रंथात जपानी रिंग असा शब्दही आहे. नुसती मोडतोडच केली असंही नाही हं, कुठलीही व्हरायटी (बहुपदी समीकरणांतून बनणारा आकार) एका कम्प्लीट, म्हणजे कुठे बिंदू न सुटलेल्या, व्हरायटीत बसवता येते हा त्यांचा प्रमेय त्याच काळातला, आणि आजही रोज वापरात आहे.

आपल्याकडचा धागा म्हणजे मुंबईत कुलाब्याची टीआयएफआर (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च). चौदाव्या प्रश्नावरची नागातांची व्याख्यानं 1965 ला तिथल्याच लेक्चर नोट्समध्ये आली, टिपणं पवमान मूर्तींची, आणि ती आजही नेटवर फुकट मिळतात. टीआयएफआरचे सी. एस. शेषाद्री याच विषयात होते, एका साध्या ग्रुपसाठी उत्तर हो येतं हा वायत्सेनबोकचा जुना प्रमेय त्यांनी नव्याने सिद्ध केला आणि 1962 ला छापला तो क्योटोच्या जर्नलमध्ये. कुलाबा ते क्योटो अशी ये-जा तेव्हा चालू होती. आणि कोणत्या ग्रुपांसाठी हो येणारच, याची एक नेमकी अट नागातांनीच 1964 च्या सुमारास दिली, म्हणजे दार बंद करणाऱ्यानेच कुठली खिडकी उघडी आहे तेही सांगितलं.

शिगेफुमी मोरी त्यांचे विद्यार्थी, 1990 ला फील्ड्स मेडल (गणितातला अगदी मानाचा पुरस्कार) मिळालेले, आणि काँग्रेस नेमकी क्योटोतच. त्याच वर्षी नागाता क्योटोतून निवृत्त झाले, 2008 च्या ऑगस्टमध्ये गेले. त्या 16 बिंदूंचं गणित त्यांना जमलं कारण 16 हा पूर्ण वर्ग आहे, 25 आणि 36 लाही जमतं. 9 पेक्षा जास्त कितीही बिंदू घेतले तरी असंच होणार हा त्यांचा अंदाज होता, पण 10 बिंदूंसाठी तो अजून कुणालाही सिद्ध करता आलेला नाही.