पानकापी मुंग्यांचं घरगुती वारूळ (खान्देश)

पानकापी मुंग्यांचं घरगुती वारूळ म्हणजे झाडाची पानं कापून त्यावर बुरशी पिकवणाऱ्या मुंग्या घरात काचेच्या डब्यात पाळायची मांडणी. नाव मुंग्यांचं असलं तरी पाळायची असते बुरशी, मुंग्या तिच्या मागोमाग जगतात, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं होतं. या मुंग्या मूळ अमेरिका खंडातल्या. ॲटा आणि ॲक्रोमायर्मेक्स हे त्यांचे दोन मुख्य गट, टेक्सासपासून खाली अर्जेंटिनापर्यंत सापडतात. भारतात एकही नाही. आपल्याकडे गुलाबाच्या नाहीतर तुरीच्या पानाला कडेनं गोल गोल कापलेलं दिसतं, कंपासनं आखल्यासारखं, ते काम पानं कापणाऱ्या मधमाशीचं असतं, ती ते तुकडे बिळात नेऊन पिल्लांसाठी खोल्या बनवते. दरवर्षी कोणीतरी तो फोटो टाकून "आपल्याकडे पण लीफकटर आल्या" म्हणतं, तर नाही आल्या.

मुंगी कापलेलं पान खात नाही (कापताना त्याचा रस मात्र पिते). पानाचे तुकडे बिळात नेले जातात, तिथे लहान लहान मुंग्या ते चाटून साफ करतात, चावून लगदा करतात आणि त्यावर बुरशीचे धागे लावतात. बुरशीला टोकाला बारीक फुगीर गाठी येतात, तेच पिल्लांचं अन्न. हे आधी कोणाला माहीत नव्हतं, पानांनी बिळाचं छप्पर करतात वगैरे अंदाज चालायचे. थॉमस बेल्ट या खाण-इंजिनिअरनं निकाराग्वातली बिळं उकरून १८७४ मध्ये छापलं की ह्या पानांवर बुरशी पिकवतात, आणि १८९३ मध्ये आल्फ्रेड म्योलर यानं ब्राझीलमध्ये अभ्यास करून ते पक्कं केलं. नवीन राणी उडते तेव्हा तोंडातल्या एका खिशात जुन्या घरच्या बुरशीचा कण घेऊन निघते, म्हणजे सासरी जाताना वाटीत विरजण नेल्यासारखं. ते विरजण खराब झालं तर राणी धडधाकट असूनही संसार उभा राहत नाही. ॲटाच्या मोठ्या वारुळात लाखो मुंग्या असतात आणि एक वारूळ एका मोठ्या गायीएवढा पाला फस्त करतं असं म्हणतात, त्यामुळे घरी पाळणारे बहुतेक ॲक्रोमायर्मेक्स निवडतात, तिची वसाहत हजारांत राहते. ॲटाची राणी दहा-पंधरा वर्षं जगू शकते, तेव्हा कुत्रं पाळण्याइतकाच विचार करावा लागतो.

मांडणीत तीन खोल्या लागतात. बुरशीचा डबा, पाला टाकायचं मैदान, आणि कचऱ्याची खोली, तिन्ही पाईपनं जोडलेल्या. कचऱ्याची खोली लोक विसरतात आणि तिथेच फसतात, कारण ह्या मुंग्या स्वच्छतेच्या बाबतीत आपल्या आज्यांपेक्षा कडक. वापरून झालेला लगदा आणि मेलेल्या मुंग्या त्या बागेपासून लांब नेऊन टाकतात, कारण बुरशीच्या बागेवर एस्कोव्होप्सिस नावाची दुसरी परजीवी बुरशी चढते आणि पूर्ण बाग खाऊन टाकते. तिच्याशी लढायला बऱ्याच जातींच्या मुंग्या अंगावर चक्क औषधी जिवाणू बाळगतात, पांढरी पावडर लावल्यासारखं दिसतं. कचरा टाकायला जागा नाही ठेवली तर त्या तो मैदानातच एका कोपऱ्यात रचतात आणि मग तुम्ही पाला टाकताना रोज त्यात हात घालता.

बुरशीचा डबा काचेचा घ्यावा. या मुंग्यांच्या जबड्याच्या कडेत जस्त असतं, त्यामुळे मऊ प्लास्टिक, स्पंज, सिलिकॉन सगळं कुरतडतात, पीओपी पण. तळाला दोन बोटं पीओपीचा थर किंवा एएसी ब्लॉकचा (बांधकामातल्या हलक्या, सच्छिद्र विटेचा) कापलेला तुकडा बसवतात, तो पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू ओल सोडतो. जोडायला पारदर्शक पाईप लागतो कारण मुंग्या पान डोक्यावर धरून ओळीनं जाताना बघणं हीच तर सगळी मजा, आणि तो पाईप म्हणून गवंड्याची लेव्हल पाईप एकदम फिट बसते, मीटरवर मिळते. जॉइंटला ठिबकचे कनेक्टर, जे आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही शेतीच्या दुकानात सुट्टे मिळतात. परदेशातल्या किटच्या किमती बघून घाबरायचं काही कारण नाही, अर्ध्याहून जास्त सामान हार्डवेअरचंच आहे.

आता खरा प्रश्न, आपला मे महिना. बुरशीला साधारण २४ ते २८ अंश लागतात, तिशीच्या वर ती मान टाकायला लागते, आणि डब्यात ओलावा ८०-९० टक्क्यांचा. जळगाव-भुसावळला मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि दुपारी हवेतला ओलावा विशीत. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर उलटे. मी एका मे मध्ये असा डबा रिकामाच मांडून त्यात छोटं डिजिटल मीटर ठेवून पाहिलं होतं. पत्र्याच्या खोलीत दुपारी तीनला ३९ दाखवत होतं, तोच डबा मागच्या धाब्याच्या (मातीच्या छपराच्या) खोलीत मातीच्या जाड भिंतीला लागून ठेवला तर ३१, आणि खाली परातीत पाणी व भोवती ओलं गोणपाट गुंडाळल्यावर २८ वर आला. सुक्या हवेत ओलं गोणपाट जेवढं काम करतं तेवढं कुठलंच मशीन करत नाही, माठाचंच तत्त्व आहे हे, फक्त गोणपाट दिवसातून दोन-तीनदा ओलं करायला माणूस घरात पाहिजे. कूलरच्या झोताखाली डबा ठेवायचा नाही, खोली गार होते पण थेट वारा लागला की जाळीतून डब्यातली ओल उडून जाते. आणि लाइट गेली की कूलरचा भरवसा संपला.

जुलैत सगळं उलटं होतं, हवाच इतकी ओली की पीओपीला पाणी घालायचीच गरज नसते, आणि लोक सवयीनं घालत राहतात. मुंगीला मुताचा पूर म्हणतात ते इथे शब्दशः खरं. काचेवर आतून हलकं धुकं दिसलं की ओल पुरेशी, थेंब ओघळायला लागले की जास्त. बाग राखाडी-पांढरी, स्पंजासारखी भोकाभोकाची असावी, वरचा भाग नवा, खालचा जुना आणि तपकिरी, तो मुंग्या स्वतःच काढून टाकतात. हिरवी-काळी झाक दिसली तर तेवढा तुकडा चमच्यानं काढून बाहेर. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा डब्याखाली अर्ध्या भागातच हीट मॅट ठेवतात, म्हणजे मुंग्यांना बाग सरकवायला जागा राहते. पाणी नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून मगच, क्लोरीन उडून जातो. नाहीतरी आपल्याकडे नळाला रोज पाणी येतं कुठे, टाकीतलं शिळंच असतं, ते चालतं.

पाल्याला गुलाबाची पानं आणि पाकळ्या, जास्वंद, लिंबूवर्गातली पानं, संत्र्या-मोसंबीची साल, थोडे ओट्स असं देतात. तीळ आणि एरंड मात्र टाळायचे, तिळाच्या पानांनी आणि एरंडातल्या द्रव्यांनी ही बुरशी मरते म्हणून ब्राझीलमध्ये या मुंग्यांवर उपाय म्हणूनच त्यांच्यावर संशोधन झालंय. कडुनिंब पण नको. गंमत अशी की पान बुरशीला बाधलं तर मुंग्यांना ते एक-दोन दिवसांनी कळतं आणि मग ते पान त्या आठवडेच्या आठवडे उचलत नाहीत, म्हणजे "काल तर खात होत्या, आज का नाही" याचं उत्तर कालच्या पानातच असतं. आपल्या भागात सगळ्यात मोठी भीती फवारणीची. कपाशीच्या, केळीच्या बांधावरचा पाला आणायचाच नाही, शेजारच्या वावरात कधी काय मारलं सांगता येत नाही. बाजारातला गुलाब तर अजिबात नको. कुंडीतली जास्वंद बेस्ट.

पळून जाऊ नयेत म्हणून डब्याच्या वरच्या कडेला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावतात, वाळली की तिच्यावर पाय घसरतात, किंवा पातळ टेफ्लॉन लावतात. पावसाळ्यात पावडर ओल धरते आणि निकामी होते, हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची आपली जुनी पद्धत बरी, परदेशातली काही प्राणिसंग्रहालयंसुद्धा हेच करतात, मोठ्या टेबलाभोवती पाण्याचा चर आणि मधे उघड्यावर मुंग्या.

एवढं सगळं वाचून कोणी ऑर्डर द्यायला जाऊ नका. परदेशातून जिवंत किडे आणायला आपल्याकडे सरकारी परवानगी लागते, डिस्ट्रक्टिव्ह इन्सेक्ट्स अँड पेस्ट्स ॲक्ट १९१४ (पिकांवरच्या किडी रोखायचा कायदा) आणि त्याखालची प्लांट क्वारंटाइन ऑर्डर २००३ यांच्यानुसार, आणि ही परवानगी हौशी माणसासाठी नसते. कारण उघड आहे, तिकडे संत्र्याच्या बागांना आणि निलगिरीच्या लागवडीला ही मुंगी मोठी कीड आहे. एक राणी आपल्या मोसंबीच्या नाहीतर कपाशीच्या पट्ट्यात सुटली तर काय होईल त्याचा हिशेब शेतकऱ्यानं करावा. आणि मुंग्या हा आता खरंच तस्करीचा माल झालाय, २०२५ मध्ये केनियात पाच हजारांच्या आसपास राणी मुंग्या नळ्यांत भरून नेताना पकडलेल्या दोन बेल्जियन पोरांना दहा लाख केनियन शिलिंगचा दंड झाला. त्या मुंग्या पानकापी नव्हत्या, दाणे साठवणाऱ्या होत्या, पण बाजार तोच.

म्हणून खान्देशात ही मांडणी करायची तर तिच्यात आपला काळा मुंगळा ठेवतात, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. पावसाळ्याच्या तोंडावर दिव्याखाली पंख गळालेली मोठी राणी सापडते. दिव्याला येणारे सगळेच पंखवाले मुंगळे नसतात, बरेचसे वाळवीचे असतात, त्यांचे चारही पंख सारखे आणि कंबर जाड, मुंगीची कंबर बारीक, पुढचे पंख मोठे, मिशी कोपरात वाकलेली. राणीला टेस्ट ट्यूबमध्ये ठेवायचं, मागे पाणी, मधे कापसाचा बोळा, आणि अंधारात. पहिल्या कामकरी निघेपर्यंत ती काही खात नाही, अंगावरच्या साठ्यावर जगते, त्यामुळे आठवड्यातून एकदाच बघायचं, रोज टॉर्च मारणाऱ्यांच्या राण्या अंडी खाऊन टाकतात. पुढे साखरपाणी आणि मेलेली झुरळं, डास. तीन खोल्या, लेव्हल पाईप, गोणपाट सगळं तेच, फक्त पाला नाही आणि ओल खूप कमी लागते.

माझी वसाहत दुसऱ्या वर्षी साठ-सत्तरवर गेली होती. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी एक कनेक्टर उन्हानं ढिला झाला आणि मुंगळे ओट्यावर आमरसाच्या पातेल्यापर्यंत पोचले. आई काही बोलली नाही, फक्त पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं, रसाच्या कडेनं सगळे तोंड खुपसून बसलेले, मागचा भाग फुगून पिवळसर दिसत होता. शेजारचे आबा दारातूनच, "काय रे भो, आते मुंगळा पाळी राहिना का?" तेव्हापासून डबा परातीतच असतो.

बुरशीची शेती मात्र मुंगळ्यात दिसत नाही, ती बघायची तर वारुळाकडे जावं लागतं. शेताच्या बांधावर नागपंचमीला आपण ज्याला हळदकुंकू वाहतो ते वारूळ वाळवीचं, बहुतेक ओडोंटोटर्मिस ओबेसस या जातीचं, नागोबा आयता येऊन राहतो. वाळवी ही मुंगी नाही, झुरळाच्या घराण्यातली, पण तिनंही स्वतंत्रपणे हीच शेती शोधून काढली. फक्त पानांऐवजी वाळकं लाकूड आणि काडीकचरा, आणि बुरशी वेगळी, टर्मिटोमायसेस. पावसात वारुळाभोवती जी छत्रीसारखी अळंबी उगवते आणि सातपुड्यात भाजी करून खातात ती याच शेतीची.

एकदा बांध सपाट करताना जेसीबीनं वारूळ फोडलं तेव्हा त्यातलं बुरशीचं पोळं हातात घेऊन बघायला मिळालं. अक्रोडाच्या मगजासारखं वळ्यावळ्यांचं, तपकिरी, हलकं, आणि वळ्यांच्या आत साबुदाण्यापेक्षा बारीक पांढऱ्या गोळ्या ठिपक्या-ठिपक्यांनी. वास ओल्या मातीचा. त्याचा एक तुकडा मी त्याच काचेच्या डब्यात ओल्या पीओपीवर ठेवला, वाळवी झटकून. तापमान २७, ओलावा ९०, सगळं पुस्तकासारखं. पांढऱ्या गोळ्या दोन-तीन दिवसांत सुकल्या, आणि आठवड्याभरात त्या पोळ्यातून काडेपेटीच्या काड्यांसारखे राखाडी, टोकाला पांढरे कोंब वर आले. ती झायलेरिया, पोळ्यात आधीपासूनच दबून असलेलं तण, आणि ते उपटायला आता कोणी नव्हतं.