हात उगारण्याआधीची काही मिनिटे

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अपघातातील एका जखमीला आणण्यात आले. मेंदूचा शल्यचिकित्सक उपलब्ध नसल्याने रुग्णाला दुसरीकडे हलवावे लागेल, असे अस्थिरोग विभागातील निवासी डॉक्टरने सांगितले आणि जमावाने त्यालाच इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्या महिन्यात राज्यभरातील हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. वास्तविक, असा हल्ला अजामीनपात्र ठरवून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा महाराष्ट्रात २०१० पासूनच होता. तो हवाच, पण कायदा कामाला लागतो तो हात उगारून झाल्यावर. त्याआधीच्या काही मिनिटांबद्दल विज्ञानाला बरेच ठाऊक आहे आणि ते आपल्या वॉर्डांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही, ही माझी खंत आहे.

रुग्णाची आक्रमकता आणि नातेवाइकांची आक्रमकता यांत आधी फरक करायला हवा. खाटेवरचा रुग्ण सलाइनची नळी उपसतो, परिचारिकेला शिव्या देतो, डॉक्टरच्या अंगावर धावून जातो, तेव्हा ‘प्यायलेला दिसतो’ असे म्हणून मोकळे होणे धोक्याचे असते. मेंदूला ग्लुकोज आणि प्राणवायू अखंड लागतात. मधुमेहाच्या औषधाने साखर फार उतरली, ऑक्सिजन कमी पडला, डोक्याला मार लागला किंवा म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला, की रागाला आवर घालणारी मेंदूची यंत्रणाच विस्कळीत होऊ शकते. घरची माणसे याला ‘वात झाला’ म्हणतात. रोज दारू पिणाऱ्याची दारू भरती झाल्यामुळे एकाएकी तुटली, तर साधारण दोन ते चार दिवसांत त्याला कंप सुटू शकतो, समोर नसलेली माणसे दिसू शकतात आणि भीतीपोटी तो झटापट करतो. पायाच्या फ्रॅक्चरसाठी आलेला शांत माणूस तिसऱ्या रात्री बिथरतो, त्यामागे हे कारण असू शकते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घ्यायला मिनिटभरही लागत नाही. आकडा ४०, म्हणजे फारच कमी, निघाला आणि शिरेतून ग्लुकोज दिले, की दोन वॉर्डबॉयनी दाबून धरलेला तोच माणूस थोड्याच वेळात ‘मी कुठे आहे?’ असे विचारू लागतो.

मानसोपचार विभागांसाठी नॉर्वेत तयार झालेल्या ब्रोसेट सूचीत सहाच गोष्टी पाहतात: गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर येण्याचा आविर्भाव आणि वस्तूंची आदळआपट. परिचारिका काही क्षणांत गुण देते आणि पुढच्या २४ तासांत रुग्ण हिंसक होण्याच्या धोक्याचा अंदाज येतो.

नातेवाइकांच्या बाबतीत मात्र अनिश्चितता हे मोठे इंधन असते. इच्छित गोष्टीची वाट अडली की आक्रमकता वाढते, हा सिद्धांत येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मांडला. पुढे लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी त्यात दुरुस्ती केली, की वैफल्य जितके क्लेशदायक वाटते तितकी आक्रमकतेची ऊर्मी प्रबळ होते. दोन ठिकाणांहून ‘पुढे न्या’ ऐकून तिसऱ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाचे क्लेश आत पाऊल टाकण्यापूर्वीच शिगेला पोहोचलेले असतात. आणि तिथे त्याच्यानंतर आलेल्याला आधी आत नेतात. छातीत दुखणाऱ्याला हात मोडलेल्याच्या आधी तपासायचे, हा नियम डॉक्टरला पाठ असतो; बाकावर बसलेल्याला तो कोणी सांगितलेला नसतो, त्यामुळे त्याला त्यात वशिला दिसतो.

ब्रिटनमध्ये लंडन आणि साऊथॅम्प्टन येथील दोन रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत नेमके हेच भिंतींवर लिहिले गेले: आता तुम्ही कोणत्या टप्प्यावर आहात, पुढे काय होईल, कोणाला आधी का नेतात. धमकीवजा देहबोली आणि आक्रमक वर्तन निम्म्याने घटल्याचे मूल्यमापनात आढळले. आपल्याकडे असे फलक मोठ्या मराठी अक्षरांत, चित्रांसह लावायला फार खर्च येणार नाही.

मृत्यूची बातमी मात्र फलक देऊ शकत नाही. ती नातेवाइकांना बाजूला बसवून, आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारून, सोप्या शब्दांत द्यायची असते. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य आले आहे. परंतु रात्रभर जागून, एकाच वेळी तीन अत्यवस्थ रुग्ण सांभाळणारा निवासी डॉक्टर ती बातमी दारातच उभ्याने, वीस माणसांच्या घोळक्यात सांगतो, कारण चौथा रुग्ण स्ट्रेचरवर येऊन पोहोचलेला असतो. शासकीय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांची पदे असतात. नातेवाइकांशी बोलण्यासाठी असा एक प्रशिक्षित माणूस रात्रपाळीला कॅज्युअल्टीच्या दाराशी हवा, आणि त्याच्यासाठी चार खुर्च्यांची एक खोली.