ट्रेलरवरील जुन्या हाउसबोटी : संग्रह व जीर्णोद्धार

गाडीमागे ट्रेलरवर ओढून नेता येणारी, रॅम्पवरून पाण्यात सोडता येणारी आणि आत स्वयंपाक, शौचालय व झोपण्याची सोय असलेली लहान मोटरबोट म्हणजे ट्रेलर-हाउसबोट. काश्मीरच्या एका जागी बांधलेल्या हाउसबोटींशी किंवा केरळच्या केट्टुवळ्ळमशी तिचे नावापलीकडे नाते नाही. ही अमेरिकी वस्तू आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे धरणांमागे मोठमोठे जलाशय तयार झाले (कोलोरॅडो नदीवरचे लेक पॉवेल १९६३ पासून भरू लागले) आणि सुट्टी पाण्यावर घालवणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली. ज्यांना धक्क्यावर कायमची जागा भाड्याने घेणे परवडत नसे, त्यांच्यासाठी घराच्या अंगणात उभी करता येईल अशी बोट हा मार्ग होता. संग्राहक ज्या बोटी शोधतात त्या बहुतेक १९६० ते १९८० च्या दशकांतल्या आहेत : २५ फुटी फायबरग्लासची युकॉन डेल्टा, कॅन्ससमधील सलाइना येथे बनणाऱ्या हॉलिडे मॅन्शनची लहान मॉडेले, आणि अल्पकाळ चाललेल्या अनेक छोट्या कारखान्यांच्या बोटी.

या बोटींचा सगळा आकार रस्त्याने ठरवला आहे. त्या काळी अमेरिकेत विशेष परवान्याशिवाय रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाची रुंदी साधारणपणे ९६ इंच, म्हणजे ८ फूट, इतकीच चाले. १९८२ च्या केंद्रीय कायद्यानंतर १०२ इंचांची मर्यादा रूढ झाली. म्हणून जुनी बोट ८ फूट रुंद असते. केबिन काठापासून काठापर्यंत जाते आणि बाजूने चालायला जेमतेम पाऊल मावेल एवढी पट्टी उरते किंवा तीही नसते. आत उभे राहता यावे म्हणून छत उंच घ्यावे लागते. अरुंद तळ आणि उंच भिंती यांमुळे बोट वाऱ्यात कडेला सरकते, हा दोष जन्मजात आहे आणि दुरुस्तीने जात नाही.

ओळख आणि खरेदी

१ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत बनणाऱ्या बोटींवर बारा अक्षर-अंकांचा कवच-क्रमांक (कवच म्हणजे बोटीचे बाहेरचे अंग, हल) सक्तीचा झाला. तो ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात असतो. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची. १९८४ पूर्वीच्या अनेक बोटींत नववे अक्षर ‘एम’ असते. त्यापुढचे दोन अंक मॉडेल-वर्ष सांगतात आणि शेवटचे अक्षर महिना, ज्यात ‘ए’ म्हणजे ऑगस्ट. मॉडेल-वर्ष ऑगस्टपासून मोजत असल्यामुळे ‘एम७७ए’ असलेली बोट ऑगस्ट १९७६ मध्ये बनलेली असते. विक्रेत्याने सांगितलेले साल आणि हा क्रमांक एक वर्षाने जुळत नसेल तर कारण बहुधा हेच. बोट आणि ट्रेलर यांची कागदपत्रे वेगवेगळी असतात, दोन्ही पाहावीत. ट्रेलरचे कागद हरवले असतील तर बोट रस्त्यावर आणणेच अडते.

चकचकीत रंग आणि नवे पडदे यांच्याकडे पाहून घेतलेली बोट सर्वांत महाग पडते. किंमत ठरते ती आतल्या लाकडाच्या कोरडेपणावर. फायबरग्लासच्या या बोटींत ट्रान्सम, जमीन आणि स्ट्रिंजर (तळाला लांबीने जोडलेल्या तुळया) यांच्या पोटात प्लायवूड किंवा साधे लाकूड असते. स्क्रूच्या एखाद्या भोकातून पाणी शिरले की ते बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत कुजते. वरचे कवच मात्र शाबूत दिसते. प्लॅस्टिकच्या हातोडीने सहा-सहा इंचांवर ठोकून पाहावे : टणक आवाज चांगला, बद्द आवाज वाईट. शंका आली तर आतल्या बाजूने ३ मिमीचे भोक पाडून भुसा पाहावा. तो फिका आणि कोरडा हवा. काळा, ओला, आंबूस वासाचा भुसा निघाला तर तिथे काम आहे. भोक इपॉक्सीने (हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) लगेच बुजवावे. मालक भोक पाडू देत नसेल तर लाकूड कुजलेले धरूनच भाव करावा.

केबिनच्या जमिनीखालचा, बोट तरंगती ठेवणारा फोम कित्येक दशकांनी पाणी पितो. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलो; दहा घनफूट भिजलेला फोम म्हणजे पावणेतीनशे किलोंहून जास्त बोजा, तोही ट्रेलरवर कायमचा. त्यामुळे माहितीपत्रकातल्या वजनावर विसंबू नये. बोट ट्रेलरसह वजनकाट्यावर घालावी.

कवच आणि ट्रान्सम

बोट ट्रेलरवर कशी बसली आहे ते दुरुस्तीआधी पाहावे. आधाराच्या लांब फळ्या ट्रान्समच्या खाली अगदी शेवटपर्यंत गेल्या पाहिजेत. फळ्या फूटभर आधी संपल्या तर इंजिनाच्या भाराने मागचा तळ लोंबतो आणि कायमचा वाक येतो. अशी बोट वेग घेताना नाक खाली घालते. तुळया कापण्यापूर्वी कवचाला सर्व बाजूंनी आधार देऊन ते सरळ केले नाही, तर नव्या तुळया तो वाक पक्का करून टाकतात.

ट्रान्सम बदलताना आतले फायबरग्लासचे अस्तर कापून कुजके लाकूड बाहेरच्या कवचापर्यंत खरवडून काढतात. पाऊण इंची मरीन प्लायवूडचे थर इपॉक्सीने चिकटवून हवी ती जाडी साधतात. मर्क्रूझर स्टर्नड्राइव्हसाठी (इंजिन आत आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह ट्रान्समबाहेर, अशी मांडणी), फायबरग्लास धरून, ट्रान्समची जाडी २ ते २¼ इंच (५१ ते ५७ मिमी) आणि दोन्ही बाजू समांतर असाव्या लागतात. जाडी चुकली किंवा एक बाजू फुगली तर ड्राइव्हचे सील नीट बसत नाही आणि गळती पहिल्याच दिवशी सुरू होते. म्हणून जुने काढण्याआधी प्रत्येक भोकाचा साचा पातळ प्लायवर उतरवून ठेवावा. कोपऱ्यात घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई भरावी, कारण काचेचे कापड काटकोनात वळत नाही आणि खाली हवा राहते. जुन्या कवचाशी सांधा जोडताना कड १२ ला १ या उताराने घासावी : ६ मिमी जाडीला ७२ मिमी उतार.

रेझिनच्या निवडीत गफलत होते. पॉलिएस्टर स्वस्त आहे, त्यात १ ते २ टक्के उत्प्रेरक घालतात, पण जुन्या घट्ट झालेल्या पृष्ठभागावर त्याची पकड इपॉक्सीइतकी नसते. इपॉक्सीचे प्रमाण मात्र उत्पादकाने दिलेलेच वापरावे. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवला तर ते कायम चिकट राहते. साध्या चॉप्ड स्ट्रँड मॅटमधला (काचेच्या तुटक धाग्यांच्या चटईतला) धागे बांधून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसते, म्हणून इपॉक्सीसोबत शिवलेले द्विअक्षी (दोन दिशांत धागे असलेले) कापड घ्यावे.

ॲल्युमिनियमच्या कवचाचे दुखणे वेगळे : रिव्हेट सैल होतात आणि धातू खाल्ला जातो. त्यावर तांबेयुक्त रंग कधीही लावू नये. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे आणि खाऱ्या पाण्यात जस्ताचे ॲनोड (कवचाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) लावतात.

इंजिन, इंधन, वायू

बहुतेक बोटींत जनरल मोटर्सच्या चार किंवा सहा सिलिंडरच्या ब्लॉकवर बनलेली मर्क्रूझर इंजिने असतात. त्यांचे भाग आजही मिळतात. ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) या कंपनीच्या स्ट्रिंजर-ड्राइव्हचे तसे नाही. तिचा भार ट्रान्समऐवजी तुळयांवर असतो आणि ट्रान्सममधले मोठे भोक एका रबरी आवरणाने झाकलेले असते. ते फाटले तर बोट धक्क्यावरच बुडते. भाग दुर्मीळ आहेत, म्हणून भाव पाडूनच ती घ्यावी.

थंड प्रदेशातली बोट असेल तर ब्लॉकला गोठून तडे गेलेत का ते आधी तपासावे. इंपेलर (थंड करणारे पाणी खेचणाऱ्या पंपातले रबरी चाक) न विचारता बदलावा. ड्राइव्हचे बेलोज (घड्यांच्या रबरी नळ्या) बोटांनी दाबून घडीत भेगा आहेत का ते पाहावे. त्यातून पाणी शिरले की गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या दांड्याला आधार देणारे) घरघरते, आणि ती घरघर ही शेवटची सूचना असते.

मोटारगाडीचा स्टार्टर, अल्टरनेटर किंवा कार्ब्युरेटर स्वस्त मिळतो म्हणून बसवणे जिवावर बेतते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळात साठते, आणि गाडीचे भाग ठिणगी आत रोखण्यासाठी बनवलेले नसतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्लोअर (तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटे चालवावा. इंधनाची प्रत्येक नळी बदलावी. टाकी ३ पीएसआय दाबाने तपासावी, त्याहून जास्त दाब देऊ नये. फायबरग्लासच्या जुन्या टाकीत इथेनॉलयुक्त पेट्रोल भरू नये. त्यात रेझिन विरघळून इंजिनात जाते.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका हाउसबोटींच्या रचनेतच होता. ऑगस्ट २००० मध्ये लेक पॉवेलवर दोन भावांचा मृत्यू झाल्यावर अमेरिकी सरकारी तपासात दिसले की मागच्या डेकखाली, पाण्याच्या वरच्या पोकळीत जनरेटरचा धूर सोडला जात होता. जुन्या बोटीत तशी मांडणी असेल तर नळी छताच्या वर नेणे आणि केबिनमध्ये शोधयंत्र बसवणे हे पडद्यांच्या कितीतरी आधी यायला हवे. एलपीजीचा सिलिंडर बाहेर, तळाशी बोटीबाहेर उघडणारे छिद्र असलेल्या कप्प्यात ठेवावा.

धक्क्यावरून वीज घेणारी बोटीतली ३० अँपिअर, १२० व्होल्टची वायरिंग बहुधा घरगुती पद्धतीने केलेली सापडते. बोटीवर न्यूट्रल आणि अर्थ जोडू नयेत. विजेची गळती झाली तर गोड्या पाण्यात शेजारी पोहणाऱ्यालाही झटका बसतो. कथिलाचा मुलामा असलेली बहुतारी वायरच वापरावी.

खिडक्या, आतील भाग

खिडक्या, शीतपेट्या, शेगड्या हे सारे प्रवासी कॅराव्हॅनच्या पुरवठादारांकडूनच येई, त्यामुळे सुटे भाग आजही त्याच बाजारात शोधावे. गळणाऱ्या खिडकीवर बाहेरून सिलिकॉन फासणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. गळती थांबत नाहीच, शिवाय सिलिकॉनच्या अंशावर पुढे काहीच चिकटत नाही. चौकट पूर्ण काढून, ब्यूटाइल (मऊ, चिकट रबर) पट्टी लावून, स्क्रू दोन-तीन फेऱ्यांत कसावे आणि चौकटीची पाणी निघायची छिद्रे मोकळी ठेवावीत.

अव्होकॅडो हिरव्या रंगाची शेगडी, लाकडाच्या छापाचे पॅनेल यांचे आकर्षण खरे आहे आणि टिकण्याजोगे असेल तर ते जपावे. दगडी ओटा किंवा छतावर जड कठडा मात्र नको. उंच आणि अरुंद बोटीत वरचे वजन तोल बिघडवते. शौचालयाला साठवण-टाकी हवीच. अमेरिकेतल्या अंतर्गत जलाशयांत मैला सोडणे बेकायदा आहे.

ट्रेलर आणि पहिली उतरणी

बेअरिंग उघडून नवे ग्रीस भरावे. टायरवरच्या चार अंकांवरून आठवडा व वर्ष कळते. सहा वर्षांवरचे टायर खोल खाचा असल्या तरी टाकावेत. जू-भार (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा गाडीच्या हुकावर पडणारा भार) एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के ठेवावा. कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो. जमिनीपासून छताच्या सर्वांत उंच टोकापर्यंतची उंची मोजून चालकासमोर लिहून ठेवावी. पेट्रोल पंपाच्या छपराला धडकून छत फुटल्याचे प्रकार घडतात.

रॅम्पवर पोहोचल्यावर चाके थंड होऊ द्यावीत. तापलेले हब गार पाण्यात बुडले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ड्रेन-प्लग (तळातले पाणी काढायच्या भोकाचे बूच) बसवला आहे हे हाताने चाचपून पाहावे. पहिल्या खेपेला विंचचा (ट्रेलरवरच्या ओढयंत्राचा) पट्टा न सोडता बोट ट्रेलरवरच तरंगू द्यावी, तळाची झाकणे उघडून विजेरीने बेलोज, ट्रान्समचा सांधा आणि प्रत्येक नळीचे तोंड पाहावे आणि वीस मिनिटे तशीच ठेवावी. तळ कोरडा राहिला तरच पट्टा सोडावा.