‘परवानगी तर दिली होती!’

आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक जोरात होती तेव्हाची गोष्ट. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका व्यापाऱ्यांचा फोन आला. बाहेर ट्रक उभे आणि हिशेब पाहणाऱ्या ताईंना क्लाउडवरचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सेवेत ठेवलेला, गाडीवार हिशेबच उघडेना. ‘भाऊ, मी परवाच परवानगी दिली जी तिला, मग काहून अडवते हे?’ शेठ कावले होते. सगळ्यांना सरळ सगळे अधिकार देऊन अ‍ॅडमिन करून टाकू का, असंही त्यांनी विचारलं.

मी कळकळीनं नको म्हटलं. अ‍ॅडमिन केलं की काम लगेच चालू होतं हे खरं, पण घोळ कुठे होता ते झाकलंच जातं. शिवाय उद्या त्यातल्या एकाचा जरी पासवर्ड चोराच्या हाती लागला, तरी अख्खी पेढी उघडी पडते.

ताईंच्या पडद्यावर ४०३ हा आकडा होता. तो नीट वाचला तर निम्मं काम तिथेच होतं. कोणतीही क्लाउड सेवा दारात दोन वेगळे प्रश्न विचारते. तुम्ही कोण? आणि तुम्हाला इथे काय करायची मुभा आहे? डिसेंबरात अधिवेशन भरतं तेव्हा विधान भवनाच्या फाटकावर हेच चालतं. ओळखपत्रावरून माणूस कळतो, पण आत कुठवर जायचं ते पासावर ठरतं. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर वेब सर्व्हर ४०१ पाठवतो. ओळख पटली पण मुभा नाही, तर ४०३. (४०१ चं अधिकृत इंग्रजी नाव ‘अनधिकृत’ अशा अर्थाचं आहे. खरं तर त्याचा अर्थ ‘ओळख पटली नाही’ असा होतो, आणि त्या नावानं अनेक नवशिके चकतात.) काही सेवा तर याहून सावध असतात. गिटहब या प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या सेवेवर दुसऱ्याचं खासगी भांडार उघडायला गेलात तर ‘मनाई’ऐवजी ४०४, म्हणजे ‘असं काही इथे नाहीच’, हे उत्तर येतं. वस्तू आहे एवढंही परक्याला कळू द्यायचं नसतं.

तर ताईंना ४०३ दिसत होता, म्हणजे सेवेनं कोणाला तरी ओळखलं होतं. कोणाला? पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करायला सांगितलं. तिथे निघालं त्यांचं घरचं खातं, मुलीच्या शाळेच्या निरोपांसाठी उघडलेलं. ब्राउझरमध्ये दोन्ही खाती चालू होती आणि दुवा उघडताना घरचं पुढे येत होतं. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत सर्वांत जास्त वेळा हेच सापडतं, म्हणून मी पहिल्यांदा तो कोपरा पाहायला सांगतो.

पेढीचं खातं निवडलं, तरी ४०३ हटेना. आता शेठची परवानगी तपासली. ती त्यांनी दिली होती ‘हिशेब’ नावाच्या गटाला, आणि ताई त्या गटात नव्हत्याच! गटाला मुभा देणं ही पद्धत चांगली. माणूस आला-गेला तर नुसती गटाची यादी बदलावी लागते. पण मग ती यादी कोणीतरी बदलायला हवी ना. शेठनी ताईंचं नाव घातलं. तरीही दार बंद.

इथे बरेच जण हताश होऊन पुन्हा अ‍ॅडमिनकडे वळतात. होतं असं की, लॉगिन करताना सेवा तुम्हाला एक डिजिटल पास देते, त्याला टोकन म्हणतात. तुम्ही कोणत्या गटात आहात हे बऱ्याचदा त्या पासावरच नोंदलेलं असतं. दर वेळी मूळ यादी पाहण्यापेक्षा सेवा पास पाहते, कारण ते झपाट्यानं होतं. यादी आत्ता बदलली, पण ताईंच्या हातात सकाळचा पास. मायक्रोसॉफ्टच्या सेवांत असा पास साधारण ६० ते ९० मिनिटं चालतो. त्यांच्या अ‍ॅझूर या क्लाउड सेवेत भूमिका (म्हणजे नेमून दिलेली मुभा) बदलली तर ती लागू व्हायला १० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. ताईंना लॉगआउट करून पुन्हा आत यायला सांगितलं. नवा पास मिळाला आणि हिशेब उघडला.

‘पण मागच्या वर्षीचा फोल्डर अजून बंदच आहे जी,’ ताई म्हणाल्या. लॉग पाहिला. कोणी, केव्हा, काय मागितलं आणि का नाकारलं, याची नोंद चांगल्या सेवा ठेवतात. त्या फोल्डरवर ऑडिटच्या वेळी कोणीतरी स्पष्ट मनाईचा नियम लिहून ठेवला होता. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचंच पाहा. काहीच लिहिलं नसेल तर उत्तर ‘नाही’, कुठे मुभा लिहिली असेल तर ‘हो’, पण एकाही ठिकाणी स्पष्ट मनाई असेल तर बाकीच्या मुभा कितीही असोत, उत्तर पुन्हा ‘नाही’. म्हणून मुभा वाढवत बसून तिथे काही होत नाही, मनाई शोधावी लागते. मुळात ‘नाही’पासून सुरुवात करायची आणि कामापुरतीच मुभा द्यायची, ही दोन्ही तत्त्वं जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ च्या निबंधात मांडली होती. क्लाउड हा शब्द तेव्हा या अर्थानं रूढही नव्हता.

ताईंना जुन्या फोल्डरचं काही काम आहे का, विचारलं. नव्हतं. मनाई तशीच राहू दिली. फोनवर मागून हमालांचा आवाज येत होता आणि ताईंनी पहिल्या ट्रकचा क्रमांक मोठ्यानं वाचत टाकायला घेतला.