चांदण्यांच्या स्टिकरमध्ये रेडियम नसतं

‘अंधारात चमकणाऱ्या चांदण्यांमध्ये रेडियम असतं, मुलांच्या खोलीत लावू नका.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती वाटणं साहजिक आहे, कारण रेडियम हा किरणोत्सर्गी, म्हणजे घातक किरणं सोडणारा धातू आहे आणि आपण या स्टिकरना ‘रेडियम’च म्हणतो. नंबरप्लेट करणाऱ्याच्या दुकानावरही तीच पाटी असते. (गाडीवरची पट्टी तर स्वतः चमकतही नाही, फक्त हेडलाइटचा उजेड परत फेकते.)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळांच्या काट्यांना खरोखर रेडियमचा रंग देत. नाव तिथून उरलं. आजच्या चांदण्यांमध्ये झिंक सल्फाइड किंवा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं. हे पदार्थ उजेडातली ऊर्जा धरून ठेवतात आणि अंधारात हळूहळू सोडतात. यात किरणोत्सर्ग नाही.

घरी पडताळून बघा. चांदणी दोन दिवस बंद डब्यात ठेवा आणि अंधारात उघडा. चमक जवळजवळ गेलेली असेल. मग दहा मिनिटं ट्यूबलाइटखाली धरा, पुन्हा चमकेल. रेडियमच्या रंगाला असा उजेड पाजावा लागत नसे.

आजोबांचं जुनं घड्याळ मात्र उघडू नका. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे. काटे चमकेनासे झाले तरी ते तिथेच असतं.