चागोस करार: ‘दिली’ की ‘परत केली’?

हिंदी महासागरातली चागोस बेटे ब्रिटनने मॉरिशसकडे सोपवण्याच्या करारावर २२ मे २०२५ रोजी सह्या झाल्या. ‘बेटे देऊन टाकली’ अशी ओरड लंडनमधल्या विरोधी बाकांवरून झाली. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईमध्ये मात्र ‘बेटे परत मिळाली’ म्हणून आनंद होता. या दोन क्रियापदांतला वाद सप्टेंबर १९६५ पासूनचा आहे.

मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी तेव्हा लंडनमध्ये चालू होती. अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि चागोस बेटांचा कारभार मॉरिशसमधूनच चाले. बेटे तोडून घ्यायला मॉरिशसच्या नेत्यांनी संमती दिली, असे ब्रिटन पुढे अनेक दशके सांगत राहिले. मोबदला ३० लाख पौंड. शिवाय मासेमारीचे हक्क, आणि संरक्षणासाठी गरज उरली नाही की बेटे परत करण्याचे आश्वासन.

पण संमती कसली? मॉरिशसच्या नेत्याशी झालेल्या भेटीआधी ब्रिटिश पंतप्रधानांना दिलेल्या टिपणात डावपेच उघड लिहिले होते: पाहुण्याला स्वातंत्र्याची आशा दाखवायची, आणि बेटांबाबत समजूतदारपणा दाखवला नाही तर ते हुकेल ही धास्तीही घालायची. याला वाटाघाट म्हणायला मन धजत नाही. कराराच्या टीकाकारांना त्याहून अडचणीचे आहे ते परतीचे आश्वासन. ते कायद्याने बंधनकारक आहे, असा निवाडा २०१५ मध्ये सागरी कायद्याखालच्या लवादाने दिला. बेटे मॉरिशसची नव्हतीच म्हणावे, तर ‘परत’ कुणाला करायची होती?

दरम्यान १९६८ ते १९७३ या काळात बेटे रिकामी केली गेली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना कागदावर ‘कंत्राटी मजूर’ ठरवले की काम सोपे होते.

२०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी मॉरिशसच्या बाजूने सल्ला दिला. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतही ११६ विरुद्ध ६ मते पडली. भारत ११६ मध्ये होता. बोलणी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केली ती आज सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या हुजूर पक्षाच्याच सरकारने, हे त्या गदारोळात कुणी फारसे आठवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सहमती जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात मॉरिशसमध्ये सत्ताबदल झाला आणि नव्या सरकारलाही त्या अटी पुरेशा वाटेनात.

करारानुसार चागोसमधल्या सर्वांत मोठ्या बेटावरचा, दिएगो गार्सियाचा लष्करी तळ ९९ वर्षे ब्रिटनकडेच राहणार, त्यासाठी वर्षाला सरासरी १०.१ कोटी पौंड. सरकारच्या मते आजच्या मूल्याने हे ३.४ अब्ज होतात, तर विरोधक सुमारे ३५ अब्ज सांगतात. करार एकच, येत्या शतकातला पौंड आज केवढ्याचा धरायचा, एवढाच फरक.

विस्थापितांतही एकमत नाही. दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोघींनी सह्यांच्या दिवशी पहाटे लंडनच्या न्यायालयातून तात्पुरती स्थगिती मिळवली. दुपारपर्यंत ती उठली. करारानुसार मॉरिशसला बाकीच्या बेटांवर पुनर्वसन करता येईल, दिएगो गार्सियावर नाही.